विचित्र मॉन्स्टरशी लढताना या चुका टाळा

दर रविवारी विश्रामबागेत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून, पात्रं रंगवून खेळायचा कल्पनाखेळ) डाव बसतो. डीएम (गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारा) बहुतेक वेळा मीच. त्याच त्या चुका निस्तरून आता वीट आलाय, म्हणून हे लिहितोय. (आम्ही 2014 च्या नियमांनीच खेळतो, आकडे तिथलेच.)

टर्न (एकाची पाळी) आणि राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) एकच समजू नका. ही चूक मी स्वतः केलीय. हायड्राला, म्हणजे अनेक डोक्यांच्या सापासारख्या मॉन्स्टरला, पाच डोकी. एकाच टर्नमध्ये 25 किंवा जास्त डॅमेज झालं तर एक डोकं मरतं. आमच्या फायटरनं (लढवय्या पात्र) 14 केलं, पाठोपाठ रोगनं (चोर पात्र) 13. पोरं ओरडली, "सत्तावीस! उडालं डोकं!" मीही उडवलं. अरे, दोघांचे टर्न वेगळे, बेरीज करायचीच नव्हती! पुढचं मात्र इमानदारीत केलं: हायड्राच्या टर्नच्या शेवटी मेलेल्या डोक्यामागे दोन नवी, आणि दर नव्या डोक्याचे 10 हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) परत. चार राउंडांत नऊ डोकी आणि डोक्यागणिक एक चावा. अर्धी पार्टी आडवी. विझार्ड (जादूगार पात्र) आगीचा कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारा साधा मंत्र) "नंतरसाठी राखून" बसलेला. कँट्रिप काय संपतो का रे? दर राउंडला आग लागत राहिली असती तर एकही डोकं उगवलं नसतं.

ट्रोल (जखमा आपोआप भरणारा मॉन्स्टर) शून्य हिट पॉइंटवर आला म्हणून खिसे तपासायला धावू नका. आग किंवा ॲसिड लागलं नसेल तर त्याच्या टर्नच्या सुरुवातीला 10 हिट पॉइंट घेऊन तो उठतो.

दुसरं दुखणं ग्रॅपलचं, म्हणजे समोरच्याला धरून ठेवण्याचं. तालमीच्या गावातली पोरं, धरलं की चीतपट असंच वाटतं त्यांना. ग्रॅपलनं फक्त स्पीड शून्य होतो, समोरचा पडत नाही. आपल्यापेक्षा दोन आकारांनी मोठ्याला तर धरताच येत नाही. उंदरांच्या थव्याला मिठी मारणारा बार्बेरियनही (रांगडा योद्धा पात्र) मी पाहिलाय.

जिलॅटिनस क्यूबला (जेलीचा चौकोनी मॉन्स्टर) पाडता येत नाही. ठोकळाच तो, पडणार कुठल्या बाजूला?

ब्लॅक पुडिंगवर (काळ्या चिकट गोळ्यासारखा मॉन्स्टर) तलवार चालवू नका, एकाची दोन होतात.

ऐनवेळी मोबाइलवर स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरचे आकडे आणि नियमांचा तक्ता) उघडणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी आदल्या रात्री तो हातानं कार्डावर उतरवतो आणि 'सुरुवातीला', 'शेवटी' हे शब्द लाल पेननं अधोरेखित करतो. डोकी मोजायला आधी भडंगातले शेंगदाणे मांडायचो. एकदा कुणीतरी हायड्राची दोन डोकी खाल्ली. आता शर्टाची बटणं ठेवतो.