बाल्कनीतल्या बुलबुलाचं घरटं कसं पाहावं

होळीच्या आसपास बुलबुलाची जोडी बाल्कनीत येरझाऱ्या घालू लागली आणि एकीच्या चोचीत सुकं गवत किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा दिसला, की जागा पसंत पडली समजा. लालबुड्या बुलबुलाला टांगलेली कुंडी, मनीप्लांटचा गुंता, दिव्याची शेड, काहीही चालतं. पुढचा महिनाभर अंड्यापासून उडत्या पिल्लापर्यंतचा सगळा संसार घरबसल्या पाहता येतो. अट एकच: अंतर पक्ष्याने ठरवायचं, आपण नाही.

पहिले दिवस लांबूनच

घरटं बांधणं आणि अंडी घालणं चालू असतं तेव्हा जोडी सर्वांत बिचकते. या दिवसांत त्रास झाला तर घरटं टाकून जाते. पिल्लं झाल्यावर सहजासहजी जात नाही. म्हणून कुंडी हलवू नका आणि नीट दिसावं म्हणून पानं बाजूला सारू नका. ऊन आणि कावळा, दोघांपासून आडोसा त्या पानांचाच असतो. झाडाला पाणी घालायचंच तर पक्षी बाहेर गेलेला असताना, छोट्या मगाने, कडेकडेने. कामाच्या ताईंना आणि सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला आधीच सांगून ठेवा. शेजारपाजारचं वऱ्हाड दाखवायला आणू नका.

बैठक

घराच्या आतून, काचेआडून किंवा पडद्याच्या फटीतून पाहा. खुर्ची रोज एकाच जागी असू द्या. बाल्कनीपुरते साधे डोळे पुरतात. बऱ्याच दुर्बिणींना इतक्या जवळचं स्पष्ट दिसतही नाही.

चोचीत अळी घेऊन पक्षी रेलिंगवरच थांबला, घरट्यात न जाता ओरडत राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका. सरळ आत शिरला तर बैठक बरोबर. मोबाइल लावायचा असेल तर स्टँडवर, लांब, फ्लॅशशिवाय. घरट्यावर मोबाइल धरून आतला फोटो काढणं हा माझ्या मते सर्वांत वाईट प्रकार. आपण सारखे कुंडीत डोकावलो की कावळ्यालाही पत्ता कळतो.

माणसाचा हात लागला की वासामुळे आई पिल्लांना टाकते, हा समज खरा नाही. म्हणून हात लावायची मुभा मिळते असंही नाही: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे शिकारीतच मोडतं.

काय पाहायचं

अंडी बहुधा 2 किंवा 3, फिकट गुलाबी, त्यांवर तांबूस ठिपके. उबवायला 12 ते 14 दिवस लागतात. वहीत तारीख टाका. या काळात कुंडीच्या कडेवर शेपटी आणि काळा तुरा, याहून फारसं काही दिसत नाही.

खरी मजा पिल्लं बाहेर आल्यावर. उघडीबोडकी, डोळे मिटलेली. नर-मादी दोघंही भरवतात. एरवी फळांवर ताव मारणारा हा पक्षी पिल्लांसाठी अळ्या आणि किडे वेचून आणतो, म्हणून महिनाभर कुंड्यांवर औषध फवारू नका. भरवून झाल्यावर लगेच उठू नका. पिल्लू वळून बूड वर करतं आणि पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली पांढरट विष्ठा बाहेर येते. आई किंवा बाप ती चोचीत अलगद धरतो, कधी गिळून टाकतो, कधी लांब नेऊन टाकतो. सकाळी तासभर आणि दुपारी तासभर भरवण्याच्या फेऱ्या मोजून वहीत मांडा, फरक आपोआप कळेल.

पिल्लू खाली आलं तर

साधारण 12 व्या दिवसाच्या आसपास पिल्लं धड उडता येण्याआधीच बाहेर पडतात. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू आजारी नसतं. खोलीत शिरलं तर आधी पंखा बंद करा. मांजराची भीती असेल तर त्याला जवळच्या झुडपात किंवा उंच कुंडीत ठेवा आणि आत या. आवाजावरून आईबाप त्याला शोधून भरवतात. बिनपिसांचं पिल्लू पडलं असेल तर अलगद घरट्यात परत ठेवा. दूध-पोळी भरवू नका. चोचीत पाणी तर अजिबात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी पिल्लासाठी महाराष्ट्रात वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

घरटं रिकामं झाल्यावर

आठवडाभर तरी ते काढू नका. एका हंगामात ही जोडी पुन्हा अंडी घालू शकते, आणि आसपासच घालू शकते. मग मास्क आणि हातमोजे घालून घरटं काढा, कारण त्यात बारीक किडे राहिलेले असतात. कुंडीची दोरी झिजली असेल तर ती याच दिवसांत बदलून घ्या; एकदा बांधकाम सुरू झालं की पुन्हा महिनाभर तिला हात लावता येणार नाही.