सिरिंजमधल्या हवेवरून दाब आणि आकारमानाचे नाते कसे काढावे

दादरच्या एखाद्या केमिस्टकडून 20 मिलीलीटरची सिरिंज सुईशिवाय आणावी, दट्ट्या 20 च्या खुणेपर्यंत ओढावा आणि तोंडावर अंगठा घट्ट धरून तो सावकाश 10 पर्यंत ढकलावा. मुंबई समुद्रकाठची असल्याने आतल्या हवेचा दाब सुरुवातीला सुमारे 1.013 × 10⁵ पास्कल असतो, आणि आकारमान निम्मे होताच तो दुप्पट होतो. दट्ट्याचा व्यास 2 सेंटीमीटर असेल, तर तिथे रोखून धरायला सुमारे 3 किलो वजनाइतका जोर लागतो. बॉइल यांनी 1662 मध्ये मांडलेल्या या नियमाचे कारण डॅनियल बर्नुली यांनी 1738 मध्ये रेणूंच्या धडकांत दाखवले.

सूत्रासाठी ‘ल’ बाजूचा घन घ्यावा. ‘म’ वस्तुमानाचा रेणू ‘ग’ वेगाने भिंतीवर सरळ आदळून तितक्याच वेगाने परततो, तेव्हा संवेग, म्हणजे वस्तुमान × वेग, 2 × म × ग इतका बदलतो. त्याच भिंतीवर पुन्हा यायला 2ल/ग इतका वेळ लागतो, म्हणून सरासरी बल म × ग²/ल येते. त्याला ल² या क्षेत्रफळाने भागले की छेदात ल³, म्हणजे आकारमानच, उतरते. रेणू ‘न’ असतील आणि सगळ्या दिशांना सारखेच धावत असतील, तर वेगाच्या वर्गाची सरासरी तिन्ही दिशांत समान वाटली जाते:

दाब × आकारमान = ⅓ × न × म × (ग² ची सरासरी)

इथे आधी वर्ग आणि मग सरासरी हा क्रम चुकवू नये, कारण दिशेसह वेगाची सरासरी शून्यच येते. न × म भागिले आकारमान म्हणजे घनता. 27 अंश सेल्सिअसच्या कोरड्या हवेसाठी ती दर घनमीटरला 1.18 किलो धरल्यास ग² च्या सरासरीचे वर्गमूळ सेकंदाला सुमारे 507 मीटर येते.

दाबासाठी लोकलच्या गर्दीचा दाखला देतात, तो मला पटत नाही. डब्यात माणसे एकमेकांना रेटतात, हवेचे रेणू मात्र बहुतेक वेळ सुटे धावत असतात. सिरिंजमध्ये फक्त लांबी निम्मी होते, त्यामुळे दट्ट्यावर धडका दुप्पट वेळा बसतात. बाजूच्या भिंतीवर मात्र धडका तितक्याच राहतात आणि क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून तिथेही दाब दुप्पटच भरतो.

हे सारे तापमान स्थिर असेल तरच खरे. दट्ट्या झटक्यात दाबला, तर पुढे येणाऱ्या दट्ट्यावर आदळलेले रेणू अधिक वेगाने परततात, हवा तापते आणि दाब दुपटीच्याही वर जातो. तो खाली येईपर्यंत थांबून मगच जोर मोजावा.