आधी पाण्याची वाट शोधा, झाडं मग लावा

बंद कोळसा खाणीची जमीन सावरायची म्हटलं की पहिला हात रोपांकडे जातो. माझाही गेला होता. माझ्या पहिल्या कामात आम्ही ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या दगडमातीचा ढिगारा डोझरने गुळगुळीत केला, वर माती पसरली आणि रोपं लावून मोकळे झालो. पावसाळा सरला तशी पानं पिवळी पडली, पायथ्याला नारिंगी ओघळ दिसू लागले. एक रोप उपटलं, तर मुळं वीतभर खाली जाऊन आडवी वळलेली आणि खालची जमीन ठोकून काढल्यासारखी घट्ट! तेव्हापासून मी आधी पाणी बघते, मग दगड, मग माती, आणि झाडं सगळ्यांत शेवटी.

भर पावसात जागेवर फिरा. पाणी कुठून आत येतं, कुठे मुरतं, कुठे पाझरून बाहेर पडतं, ते नकाशावर मांडा. नुसत्या कोरड्या दिवसांत केलेल्या पाहणीवर मी कधीच विसंबत नाही. प्रत्येक पाझरावर पीएच (आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी), विद्युतवाहकता (पाण्यात किती क्षार विरघळलेत याचा अंदाज) आणि प्रवाह मोजा. प्रवाहाला बादली आणि घड्याळ पुरतं: 10 लिटरची बादली 20 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 30 लिटर.

पीएच मात्र जागेवरच घ्या. एकदा मी पाझराचं पाणी बाटलीत भरलं, अगदी नितळ. झाकण सैल राहिलं होतं. संध्याकाळी बघते तर पाणी गढूळ, तळाशी नारिंगी साका आणि पीएच सकाळपेक्षा उतरलेला. विरघळलेल्या लोहाला हवा लागली की ते साकळतं आणि त्यातून आणखी आम्ल सुटतं. म्हणून पाणी नितळ दिसतं एवढ्यावर जाऊ नका.

दुखण्याचं मूळ दगडातल्या पायराइटमध्ये, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजात असतं. त्याला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. पाणी पुरेसं आम्लधर्मी झालं की जिवाणू हा वेग कितीतरी वाढवतात. तेव्हा असा दगड वेगळा काढा. एकतर तो भूजलाच्या वर, कोरड्या जागी, चिकणमातीत गुंडाळून ठेवा, नाहीतर कायम पाण्याखाली राहील इतका खोल पुरा. जिथे पातळी वरखाली होते तिथे तो टाकणं सर्वांत वाईट. ढिगाऱ्याच्या वरच्या अंगाला चर खणून बाहेरचं पाणी बाहेरच्या बाहेर काढून द्या.

आम्ल मारायला चुनखडी लागते, पण ती अंदाजाने टाकू नका, दगड प्रयोगशाळेत तपासून घ्या. पायराइटमधलं गंधक 1 टक्का असेल, तर 1000 टन दगडाला 31.25 टन शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं, आणि हा निव्वळ हिशेबाचा आकडा आहे. दगडात मुळातच चुन्याचा अंश असेल तर तो वजा होतो.

माती पसरताना हात आवरा. झाडं हवी असतील तर वरचा सव्वा मीटर थर भुसभुशीत राहू द्या. डंपरने ढीग टाकावेत, हलक्या डोझरने एकदाच फिरून ते जोडावेत, बस्स. खडबडीत दिसलं तरी चालतं, त्या खळग्यांत पाणी मुरतं. गवत विरळ पेरा, दाट गवत रोपांना गुदमरवतं.

पाझर तरीही उरतोच. चुनखडीच्या उघड्या चरात लोहाचा लेप बसून दगड निकामी होत जातो. बंदिस्त, हवा न लागणारा चुनखडीचा चर चांगलं काम देतो, पण पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक लोह (हवा लागून बदललेलं, साकळणारं लोह) आणि ॲल्युमिनियम हे तिन्ही लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असतील तरच. नाहीतर तो बुजतो. त्याच्यापुढे गाळ बसायला तळं आणि मग पाणकणसाची उथळ दलदल करा. तळ्यातला गाळ उपसायला गाडी पोचेल असा रस्ता आताच आखून ठेवा, नंतर जागा मिळत नाही.

पीएच सुधारला तरी पायराइटच्या गंधकातून आलेलं सल्फेट पाण्यात राहतं. शिवाय पंप बंद झाल्यावर खाणीत पाणी वर्षानुवर्षं चढत राहू शकतं आणि जिथे कधी नव्हता तिथे पाझर फुटू शकतो. आसपासच्या विहिरींची पातळी, वाहकता आणि सल्फेट दर महिन्याला वहीत नोंदवा. एखाद्या विहिरीचा आकडा चढू लागला, तर अहवाल लिहायला बसण्याआधी ते पाणी पिणाऱ्यांच्या दारात जाऊन सांगा.