काउस्लिप : गाईचा ओठ नव्हे

आयुष्यभर आठवी-नववीच्या पोरांकडून समासांचे विग्रह करून घेतले आणि इंग्लंडात लेकीकडे गेल्यावर एका रानफुलाच्या नावाचा विग्रह माझाच चुकला. एप्रिल संपत आलेला. कुरणात वीतभर दांड्यावर पिवळ्या फुलांचा घोस, सगळी फुलं एकीकडे माना टाकून. फलकावर नाव : सी, ओ, डब्ल्यू, एस, एल, आय, पी. मी लगेच षष्ठी तत्पुरुष लावला, गाईचा ओठ. आणि ठसक्यात म्हटलं, "काउझ्-लिप."

नातू हसला. "आजी, गाईला स्लिपमध्ये उभी कर."

तुम्हीही तेच करा. आधी 'काउ' म्हणा. चिऊ-काऊतलाच, फक्त शेवट न लांबवता. लगेच क्रिकेटमधली 'स्लिप'. जोर 'काउ'वर, 'स्लिप' हलकेच उरकायची. आपण दोन्हींवर सारखाच जोर देतो, तिथं फसतो.

खरी मेख 'स'मध्ये आहे. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि 'माझा'मधला झ लांबवा. बोटांना थरथर लागेल. आता नुसता 'स्‌स्‌स्' करा. काही नाही. इंग्रजीत 'गाई' म्हणा की 'गाईचा', शेवटी तो थरथरणारा झ येतोच. फुलाच्या नावात मात्र कोरडा स. म्हणजे हा स गाईचा नव्हेच, पुढच्या शब्दाचा!

जुन्या इंग्रजीतला शब्द 'कूस्लिप्पे'. कू म्हणजे गाय आणि स्लिप्पे म्हणजे बुळबुळीत घाण. इथे अर्थात शेण. गुरं चरतात त्या कुरणांत हे फूल येतं, म्हणून हे नाव पडलं असावं. मला तर ओठापेक्षा हेच आवडलं. अंगण सारवण्यात लहानपण गेलेल्या बाईला शेणाचं काय वावडं?

याच कुळातल्या फिक्या पिवळ्या 'ऑक्स्लिप'ची गंमत आणखी वेगळी. त्याचं जुनं रूप 'ऑक्सन्‌स्लिप्पे', आणि ऑक्सन् म्हणजे बैलाचा. षष्ठी इथे खरोखरच होती! पुढे मधला 'अन्' गळाला, दोन स एकमेकांत मुरले, आणि आता बघणाऱ्याला वाटतं, बैल अधिक ओठ. उच्चारात कोरडा एकच स ठेवा : ऑक्स्लिप.

अनेकवचन काउस्लिप्स. प-च्या पाठीवर येणारा हा स-सुद्धा कोरडाच. शंका आलीच तर पुन्हा बोटं गळ्यावर.