लहानग्यांसाठी जर्मन खेळगट कसा सुरू करावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी जर्मन भाषेचा खेळगट सुरू करायचा असल्यास, जागेआधी ती भाषा सहज बोलणारी व्यक्ती शोधावी. कारण बाळांच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९ महिन्यांची अमेरिकी बाळे समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून मँडरिन चिनी भाषेचे ध्वनी ओळखायला शिकली, मात्र तेच पडद्यावर दाखवल्यावर शिकली नाहीत. तेव्हा मोबाइलवरील गाण्यांच्या भरवशावर गट चालवू नये.

सहा ते आठ मुले पुरेत आणि प्रत्येकासोबत आई, वडील, आजी अथवा सांभाळणारी व्यक्ती बसलीच पाहिजे. (मूल सोडून बाजार उरकू पाहणाऱ्यांना पहिल्याच दिवशी नम्रपणे नकार द्यावा.) आजींना जर्मन येत नाही, ही अडचण नव्हे, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरावा आणि घरी खुशाल अहिराणीतच बोलत राहावे.

सत्र पाऊण तासाचे असावे. आरंभी व शेवटी दर वेळी तीच गाणी म्हणावीत, मध्ये चेंडू, बाहुल्या, केळी, भरिताची वांगी अशा हाताळता येणाऱ्या वस्तूंची नावे खेळातून यावीत, आणि नवे शब्द मोजके ठेवून जुनेच पुन्हा पुन्हा कानावर पडावेत. मुलाला उच्चार करण्याची सक्ती मात्र करू नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जात असल्याने सकाळी नऊच्या आत सत्र आटोपावे. शुल्क घेतलेच तर ते शिकवणाऱ्याच्या मानधनापुरते ठेवावे.