कांद्याच्या पातीवर औषध टिकतंय का, आधी ते बघा

उन्हाळ कांद्याची लागण बहुतेकांची उरकलीय, आता थंडी कमी होऊन दुपारचं ऊन तापायला लागलं की थ्रिप्स, म्हणजे पातीचा रस शोषणारे बारीक फुलकिडे, वाढणार हे ठरलेलंच, आणि मग दर आठ दिवसांनी दुकानातनं नवी बाटली, मागच्यापेक्षा महाग. पण बाटली बदलायच्या आधी एवढं बघा की मागच्या वेळचं औषध पातीवर राहिलं तरी होतं का, कारण बऱ्याचदा ते पातीवरनं उसळून खाली वाफ्याच्या मातीत गेलेलं असतं आणि नाव खराब होतं औषधाचं.

कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, बोटाने पुसलं की पांढुरकं काहीतरी निघतं आणि खाली गडद हिरवा रंग दिसतो. कोबी, फ्लॉवर, अळू यांचंही तेच. हे मेण गुळगुळीत नसतं, त्यात डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि पाणी त्या हवेवरच बसतं. एक ताजी, हात न लागलेली पात पाण्याच्या बादलीत बुडवून तिरकी धरून बघा, पाण्याखाली चांदीसारखी चमकते, ती चमक म्हणजे ती हवा, आणि बाहेर काढली की पात जवळपास कोरडीच. जर्मनीतल्या बॉनच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानावर हेच सविस्तर मांडलं होतं.

आता अशा पातीवर थेंब आपटला की आधी चपटा होऊन पसरतो, मग पाण्याचा पृष्ठताण त्याला परत गोळा करतो, आणि खाली धरून ठेवायला काहीच नसल्याने तो गोळा होता होता उडी मारतो. २ मिलिमीटरच्या थेंबाचं हे सगळं साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतं, आपल्या पंपाचे थेंब अर्ध्या मिलिमीटरच्या आतले, त्यांचं तर हजाराव्या भागाच्या आसपास. त्यात कांद्याची पात उभी आणि गोल, म्हणजे थेंब तिरका लागून निसटायला मोकळाच.

म्हणूनच दुकानात पानावर स्टिकरच्या, म्हणजे औषध पसरून चिकटावं म्हणून टाकीत घालतात त्या द्रवाच्या, पाण्याचा एक थेंब हळूच ठेवून "बघा कसा पसरला" असं दाखवतात ना, त्यावर मी तरी फारसा विश्वास ठेवत नाही. ठेवलेला थेंब निवांत असतो, स्टिकरला काम करायला भरपूर वेळ मिळतो, पण नोझलमधनं आलेला थेंब आपटून उडेपर्यंत स्टिकर त्याच्या नव्या पसरलेल्या पृष्ठभागावर पोचलं पाहिजे, आणि सगळे स्टिकर तेवढे चपळ नसतात. खरी परीक्षा फवारूनच होते. काळ्या मल्चिंग पेपरचा तुकडा दोन ओळींमध्ये टाका, नेहमीच्या चालीने आधी नुसतं पाणी मारा, मग दुसऱ्या जागी स्टिकर घालून मारा, आणि लगेच खाली बसून बघा, पेपरवर किती मणी सांडलेत आणि पात ओली दिसते का नुसती ठिपक्याठिपक्यांची. ज्या स्टिकरने पात सलग ओली होते ते आपलं, मग कंपनी कुठली का असेना.

साधं स्टिकर लिटरला ०.५ ते १ मिलीच्या दरम्यान चालतं, सिलिकॉनवालं बरंच कमी लागतं, लेबल वाचूनच घ्या, टोपणाने अंदाजे नको. सिलिकॉनचा फायदा असा की पाणी पातीवरनं घसरत बेचक्यात उतरतं, आणि थ्रिप्सची पिल्लं तिथंच दडलेली असतात. पण तेच जास्त झालं किंवा पाणी जास्त मारलं तर सगळं धावत जमिनीत, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बोअरचं पाणी खारवट, पीएच ८ च्या वर असेल तर सिलिकॉन टाकीत पडल्या पडल्या हळूहळू विघटित व्हायला लागतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी टाकायचं आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं उद्या मारू असं चालत नाही.

गनने, म्हणजे जोराचा फवारा मारणाऱ्या बंदुकीसारख्या नळीने, मारणाऱ्यांनी जरा ऐका. गनचे थेंब जाड, जाड थेंबात जोर जास्त, तो फुटतो तरी नाहीतर उडतो तरी. फार बारीक धुकंही नको, ते चिकटतं चांगलं पण वाऱ्यावर शेजाऱ्याच्या गव्हात जातं. हॉलो कोन नोझल (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं), झिजलेलं नसलेलं, आणि प्रेशर एकसारखं, बास. सकाळी पातीवर दवाचे मणी असताना तर मारूच नका, फवारलेला थेंब दवाच्या मण्यात मिसळतो, मणी जड होतो आणि औषधासकट खाली घरंगळतो. दव वाळल्यावर किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर मारा.

आणि एक, हे मेण आपलं दुश्मन नाही. ऑक्सिफ्लोरफेनसारखं तणनाशक कांद्याला थोडंफार सोसतं त्यात या मेणाचाही हात आहे, म्हणून त्या टाकीत "जरा बरं चिकटेल" म्हणून स्टिकर घालू नका, पात भाजेल. तेलकट औषध आणि सिलिकॉन एकत्र करायचं असेल तरी आधी दोन-चार वाफ्यांवर मारून दोन दिवस थांबा, पातीची शेंडं पांढरी पडली नाहीत तरच पुढचं रान घ्या.