लेकराला गावी ठेवून येऊ नका : वाळूजला नव्यानं येणाऱ्या आईबापांसाठी

हिंगोली, परभणी, बीड, जालना इकडून दरसाल नवी बिऱ्हाडं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला, कारखान्यांच्या वसाहतीत, येतात. कुणाला कंपनीत काम लागलेलं असतं, कुणी ठेकेदाराच्या भरवशावर आलेलं असतं. ज्यांच्या घरात दिव्यांग लेकरू आहे, त्यांच्यातले निम्मे तरी मला एकच सांगतात, "ताई, सध्या आजीपाशी ठेवलंय. बस्तान बसलं की आणू."

आम्हीही तेच केलं होतं. आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. तेरा वर्षांपूर्वी आलो तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पायांत आणि उजव्या हातात ताठरपणा. सासूबाईंनी तिला जिवापाड जपलं, खाऊपिऊ घातलं, उचलून फिरवलं. पण रोजचे व्यायाम सुटले. दीड वर्षानं तिला आणलं तेव्हा टाचा जमिनीला टेकतच नव्हत्या, पोटरीची शीर दोरीसारखी आखडलेली. मग प्लास्टर, मग कॅलिपर (पायाला आधार द्यायचा साचा), आणि रात्रंदिवस तिचं रडणं. जे दीड वर्षात गेलं ते परत मिळवायला त्याच्या दुप्पट वेळ लागला, आणि सगळं मिळालंच नाही. आजीच्या मायेत काही कमी नव्हतं. आमचा निर्णय चुकला. म्हणून हात जोडून सांगते, बिऱ्हाड हलवाल त्याच दिवशी लेकराला सोबत घ्या. बस्तान कधीच पुरतं बसत नसतं. लेकराचे स्नायू तोवर थांबत नाहीत.

खोली बघताना भाड्याच्या आधी संडास बघा. इथल्याच रांजणगाव, जोगेश्वरीकडं पत्र्याच्या आणि चाळीच्या खोल्या मिळतात, वरच्या मजल्याची खोली जरा स्वस्त पडते. स्वस्ताईच्या मोहात पडू नका. लेकरू आज पंधरा किलोचं आहे, चार वर्षांनी तीस किलोचं होईल आणि पाण्याचा हंडाही तुम्हालाच वर न्यायचा आहे. तळमजल्याची खोली घ्या. सामाईक संडासाच्या दारातून लेकराला धरून दोन माणसं आत जातात का, ते स्वतः उभं राहून बघा. आणि शाळा पायी किती लांब आहे ते विचारा. शेअर रिक्षावाला गर्दीच्या वेळी कुबड्या, वॉकर बघून थांबत नाही, हा अनुभव तुम्हालाही येईल.

आता शाळेचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गोंधळ इथंच होतो.

आल्या आल्या पहिल्या सोमवारी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. गावचा दाखला आला नाही, आधारवर पत्ता जुनाच आहे, दिव्यांगाचं प्रमाणपत्र निघालं नाही, यातल्या कशासाठीही थांबू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखला यायला उशीर झाला, जन्माचा पुरावा नाही किंवा प्रवेशाची तारीख उलटून गेली, म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला प्रवेश नाकारता येत नाही. लेकरू आजवर शाळेतच गेलेलं नसेल तरी त्याला वयाप्रमाणे वर्ग मिळतो. गुरुजींपुढं "वयानुरूप प्रवेश" हा शब्द वापरा, त्यांना तो बरोबर कळतो. आठ वर्षांच्या लेकराला पहिलीत बसवा असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आईबाप निवडतील त्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क त्यात आहे. निवड तुमची. या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होती. स्वमग्नता (ऑटिझम) आहे, सिकलसेल आहे आणि वाचता-लिहिता न येण्याची अध्ययन अक्षमताही आहे. ज्या पोराला गावात "मठ्ठ" म्हणून मागच्या रांगेत बसवलं, त्याचीही एकदा तपासणी करून घ्या.

नाव घातलं की मुख्याध्यापकांना दुसरं वाक्य बोला, "समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना आमच्या लेकराची नोंद द्या." समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून हे शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्राकडं असतात आणि शाळाशाळांत फिरतात. रांजणगाव, जोगेश्वरी गंगापूर तालुक्यात येतात, तेव्हा तिथलं केंद्र गंगापूरचं. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, ब्रेल पुस्तकं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, हे सगळं त्यांच्याच यादीतून पुढं जातं. यादीत नाव नसेल तर तुमचं लेकरू सरकारच्या लेखी नाहीच. एका शिक्षकाकडं खूप शाळा असतात, ते रोज येणार नाहीत. त्यांचा वार विचारा आणि त्या दिवशी तुम्ही शाळेत हजर राहा, अर्धा दिवस बुडाला तरी.

आमच्या लेकीच्या शाळेत पहिल्या महिन्यात ती बाकावरून सारखी घसरायची. मी तिला कमरेला ओढणीनं बाकाच्या पाठीला बांधायचे. विशेष शिक्षिका आल्या, खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, पाय लोंबकळतायत. पायाला आधार नसला की कंबर सुटते." शाळेच्या मागं बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. त्यांनी त्यातल्या चार आणल्या, गोणपाटात गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या आणि तिच्या पायाखाली ठेवल्या. घोटा, गुडघा, कंबर, तिन्ही ठिकाणी काटकोन झाला. ओढणी त्या दिवशी सुटली. पेन्सिल तिच्या मुठीत बसत नव्हती, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पेन्सिलवर चढवले आणि ती जाड केली. पाटी सपाट न ठेवता एका बाजूनं पुस्तकं लावून तिरकी केली. या सगळ्याला एक पैसा लागला नाही. म्हणून शाळा "आमच्याकडं सोय नाही" म्हणाली तर विचारा, नेमकी कुठली सोय? त्यांना बऱ्याचदा उतार, संडास, लिफ्ट असं सगळं एकदम डोळ्यापुढं येतं. लेकराला आज विटा हव्या असतात.

"सोय नाही" हे मी एका खासगी इंग्रजी शाळेतही ऐकलंय. धाकट्याला तिथं घेतलं होतं, बहिणीला घेईनात. तेव्हा मला कायदा माहीत नव्हता, मी रडत परत आले. तुम्ही तसं येऊ नका. नकार लेखी मागा. बऱ्याचदा लेखी मागितलं की भाषा बदलते. नाहीच बदलली तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज द्या, पोच घ्या, आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे तिथंही एक प्रत पाठवा. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्यासाठी मात्र चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आधी हातात पाहिजे, आणि तो अर्ज ऑनलाइन ठरलेल्या मुदतीतच भरावा लागतो.

आणखी एक सावधगिरी. फार तीव्र किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण देण्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीनं आली. ज्याला खरोखर हलवता येत नाही त्याच्यासाठी ती मोठी मदत आहे. पण चालत्या-बोलत्या लेकरालाही "घरीच शिकवू, तुम्हाला त्रास नको" म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय. लेकरू बसू शकतं, हसू शकतं, दुसऱ्या पोरांना बघून हात हलवतं, तर त्याची जागा वर्गात आहे. माझ्या लेकीला बोलायला मी नाही शिकवलं. खिचडीच्या रांगेत तिच्या पुढं उभ्या असलेल्या पोरींनी शिकवलं.

प्रमाणपत्रासाठी घाटी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला इथं सगळे घाटीच म्हणतात आणि चिकलठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला मिनी घाटी. आधी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगाच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा. मोबाइलवर जमलं नाही तर सेतू केंद्रात भरून मिळतो. मग तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार विचारूनच जा, प्रत्येक दिव्यांगत्वाचे डॉक्टर रोज बसत नाहीत. जुने सगळे कागद न्या, जन्माच्या वेळच्या दवाखान्याची फाइल असेल तर तीही. मी एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे कागद लावून ठेवलेत, पावसात ती पिशवी छातीशी धरून धावले आहे. तुमच्याकडं गावचं यूडीआयडी कार्ड आधीच असेल तर जिल्हा बदलला म्हणून पुन्हा काढायची गरज नाही, ते देशभर चालतं. फक्त त्यावरची मुदत बघा. लहान लेकराला बहुतेक वेळा मुदतीचं प्रमाणपत्र देतात आणि मुदत संपल्याचं नेमकं अर्ज करतानाच लक्षात येतं. कार्डाचे तीन रंग असतात: चाळीसच्या आत पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळा, ऐंशी आणि पुढं निळा. टक्का कमी लिहिला असं वाटलं तर तिथंच भांडू नका, फेरतपासणीचा अर्ज करता येतो.

घाटीत गेलात की फिजिओथेरपी विभागातही जाऊन या. तिथं रोज जाणं वाळूजहून जमणार नाही, कुणालाच जमत नाही. मी थेरपिस्टना सांगितलं, "मला शिकवा, मी घरी करीन." त्यांनी माझे हात लेकीच्या पायावर ठेवून किती दाब द्यायचा, किती वेळ ताणून धरायचं ते शिकवलं. महिन्यातून एकदा दाखवायला जायचे, बाकी रोज रात्री भाकरी झाल्यावर तव्याशेजारी सतरंजीवर व्यायाम.

नवऱ्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, कापला जातो का, ते पगाराच्या चिठ्ठीवर बघा. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू आहे, ठेकेदाराकडच्या कामगारांनाही. कापला जात असेल तर लेकराचं नाव कार्डावर घातलंय का, हे नक्की तपासा. दिव्यांग आणि पूर्ण अवलंबून असलेल्या मुलाला नेहमीची वयाची मर्यादा लागत नाही. आमच्या गल्लीत तीन वर्षं पैसे कापले जात होते आणि लेकराचं नावच नव्हतं, असं घर आहे.

बाकी पैशांचं थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करायचा. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, त्याचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं (आधीचे ग्रामसेवक) द्या. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुदिव्यांगत्व असेल तर निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा, आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात. गावी जाताना एसटीत दिव्यांगाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे, आईला तर २०२३ पासून तशीही अर्धी तिकीट.

लमाण तांड्यावरून आलेल्या माझ्या बहिणींना एक वेगळं सांगायचंय. लेकरू उशिरा बोलतंय म्हणून "घरात गोरमाटी बंद करा, मराठीच बोला" असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकू नका. लेकराला ज्या भाषेत झोपवता, त्याच भाषेत त्याच्याशी भरपूर बोला. घरातली भाषा पक्की झाली की शाळेची तिच्यावर चढते. वाचा-उपचार करणाऱ्यांनाही आपली भाषा सांगा आणि घरातले रोजचे वीस शब्द लिहून न्या.

ऊसतोडीला जाणारी घरंही इथं अधूनमधून थांबतात. शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत लेकराला त्याच वर्गात बसता येतं. विशेष शिक्षकांचा फोन नंबर त्याच कार्डाच्या मागं लिहून ठेवा.

दहावी लांब वाटते, पण तिची तयारी नववी संपतानाच करायची. बोर्डाच्या परीक्षेत दर तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, लेखनिक मिळतो, काही दिव्यांगत्वांत विषयांचीही सवलत आहे. हे सगळं शाळेमार्फत विभागीय मंडळाकडं जातं. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीचं मंडळ इथलं; लातूर, नांदेड, धाराशिवचं लातूरला. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, तो आयत्या वेळी सापडत नाही आणि सापडला तर त्याला आपल्या लेकराचं बोलणं कळत नाही. माझ्या लेकीचे शब्द अजून थोडे अडकतात. नववीतली शेजारची पोर जुलैपासून रोज संध्याकाळी तासभर आमच्याकडं येऊन बसायची, ही सांगायची, ती लिहायची. मार्चपर्यंत ही अर्धं वाक्य बोलली की तिचा पेन सुरू व्हायचा.